आखातात हृदयाचा डॉक्टर शोधताना

लावणी उरकली, आता संध्याकाळी जरा टेकायला मिळतंय, म्हणून आज थोडं जास्त वेळ बोलणार आहोत. हातातलं काम चालू राहू दे, पण जवळ एक वही आणि पेन घेऊन बसा. मधे मधे काही नंबर सांगू, ते लिहून घ्यायचे आहेत.

आमच्या खाडीपट्ट्यात गटाची बैठक बसली की त्यात दोघीतिघी तरी अशा निघतात ज्यांचं माणूस आखातात आहे. कोणाचा नवरा कुवेतला ड्रायव्हर, कोणाचा मुलगा दुबईत एसी मेकॅनिक, कोणाचा दीर सौदीत सुपरमार्केटच्या गोदामात. आम्ही गटाचं काम बघतो, म्हणजे बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचे हप्ते, इतिवृत्त. परदेशातल्या हृदयाच्या डॉक्टरशी गटाचा काय संबंध, असं आम्हालाही वाटायचं. पण एका रात्री संबंध आला आणि आम्ही चुकलो. ती चूक आधी सांगतो.

चार वर्षं झाली असतील. आमच्या गटातल्या एका वहिनीचे यजमान शारजात डिलिव्हरीची गाडी चालवायचे. वय सेहेचाळीस. त्यांचा फोन आला की छातीत जळजळतंय, डावा खांदा ठणकतोय, घाम सुटतोय. खोलीखालच्या दवाखान्यात गेले, तिथे गॅसचं इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत गोळ्या. ईसीजी काढलाच नाही. त्यांनीही मागितला नाही, कारण विमा नव्हता आणि पुढचं बिल किती होईल याची धास्ती. तिसऱ्या रात्री घरात सगळे जमले. सासूबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं पहिलं विमान पकड आणि घरी ये." कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. वहिनी तिकिटाच्या पैशांसाठी आमच्याकडे आली. आम्ही रात्री साडेनऊला तातडीची बैठक घेतली, सह्या केल्या आणि अठरा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. गट म्हणजे काय ते आज दिसलं, असं म्हणत घरी गेलो.

ते विमानाने मुंबईला उतरले, तिथून भाड्याच्या गाडीने सहा-सात तास खेडपर्यंत. दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि विचारलं, "हे कधीपासून?" झटका तीन-चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला होता. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं, त्यांचं तीस टक्क्यांवर आलं होतं. माणूस वाचला, देवाची कृपा. पण आज पडवीत बसून असतात, विहिरीची चढण चढवत नाही, गाडी चालवायची तर बातच सोडा. वहिनीने कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही. आमच्या वहीत ते "आजारपणासाठी तिकीट" म्हणून लिहिलेलं आहे. ते पान उघडलं की अजून कसंतरी होतं. कारण शारजात अल कासिमी नावाचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे हृदयाचं मोठं केंद्र आहे, आणि ते त्यांच्या खोलीपासून टॅक्सीने वीस मिनिटांवर होतं. हे आम्हाला नंतर कळलं. कळायला हवं होतं त्या रात्री. ते अठरा हजार टॅक्सीला आणि इस्पितळाच्या दारापर्यंत पोचायला लागले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

त्यानंतर आम्ही विचारपूस सुरू केली. इथल्या डॉक्टरांना विचारलं, तिकडे नर्सचं काम करून परत आलेल्या एका बाईंना विचारलं, वीस-वीस वर्षं आखातात काढलेल्या भावांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. चांगला डॉक्टर शोधणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि आम्ही त्यांची गल्लत करतो. छातीत दुखतंय त्या वेळी डॉक्टर शोधायचाच नसतो, तेव्हा इस्पितळ गाठायचं असतं. डॉक्टर कोण, शिकलेला कुठे, बोलतो कसा, हे सगळं नंतरचं, बरं वाटल्यावरचं काम.

असं का ते समजून घ्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली की पलीकडचं मांस रक्तावाचून मरायला लागतं. आपल्या पाटाला कचरा अडकल्यावर पुढचा वाफा सुकतो तसंच, फक्त इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. ती नळी उघडायची सोय ज्या खोलीत असते तिला कॅथलॅब म्हणतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक तार घालून, फुगा फुगवून, स्टेंट बसवतात. जगभरचे हृदयाचे डॉक्टर असं धरून चालतात की रोगी दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा आणि नळी पूर्ण बंद असेल तर दीड तासाच्या आत ती उघडली जावी. गल्लीतल्या दवाखान्यात कितीही भला डॉक्टर बसला असला तरी त्याच्याकडे कॅथलॅब नसते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: चोवीस तास चालणारी कॅथलॅब कुठल्या इस्पितळात आहे?

आता वही उघडा. रुग्णवाहिकेचे नंबर. दुबई, शारजा, अबुधाबी म्हणजे सगळ्या अमिरातीत ९९८. सौदी अरेबियात ९९७, तो तिथल्या रेड क्रेसेंटचा. कतारमध्ये ९९९, बहारीनमध्येही ९९९. कुवेतमध्ये ११२. ओमानमध्ये चार वेळा नऊ, ९९९९. आपलं माणूस ज्या देशात आहे तो नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यालाही पाठवा. पंधरा वर्षं दुबईत राहिलेल्या एका भाऊंना आम्ही हा नंबर विचारला तर म्हणाले, "पोलिसांचा माहीत आहे." हसू आलं, पण बहुतेकांचं तसंच आहे.

आता इस्पितळांची नावं. दुबईत राशिद हॉस्पिटल, सरकारी आहे. शारजात अल कासिमी सांगितलंच. कतारमध्ये दोह्याला हमद संस्थेचं खास हृदयाचं इस्पितळ आहे, हार्ट हॉस्पिटल याच नावाने, २०११ पासून चालू आहे. कुवेतमध्ये चेस्ट डिसीजेस हॉस्पिटल, नाव छातीच्या रोगांचं असलं तरी तिथे हृदयाचंच मोठं काम चालतं. कुवेतच्या दक्षिणेकडे, फहाहीलच्या बाजूला राहणाऱ्यांना अदान हॉस्पिटलमधलं दब्बूस हृदय केंद्र जवळ पडतं. मस्कतमध्ये रॉयल हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय हृदय केंद्र आहे. सौदी फार मोठा देश, तिथे शहरागणिक वेगळं, म्हणून ज्याचं माणूस तिथे आहे तिने त्यालाच एक सुट्टीचा दिवस यासाठी खर्ची घालायला सांगा. तरीसुद्धा, खरं दुखणं उठलं तर स्वतः टॅक्सी शोधण्यापेक्षा रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिकेतच ईसीजी निघू शकतो आणि कुठल्या इस्पितळात न्यायचं ते त्या लोकांना माहीत असतं. आणि स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ नये. आमच्या ड्रायव्हर भावांना हे सांगावं लागतं, कारण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायला ते तयार नसतात.

रुग्णवाहिका बोलावली आणि पत्ता सांगता आला नाही, हेही घडलं आहे. लेबर कॅम्पमध्ये एकसारख्या इमारती, गल्लीला नाव नाही. दुबईत प्रत्येक इमारतीच्या दारावर मकानी नंबर लिहिलेली पाटी असते, दहा आकडी. तो नंबर सांगितला की गाडी नेमकी दारात येते. घरच्या वहीत तो नंबर हवा. कुवेतमध्ये सिव्हिल आयडीवर पत्ता असतो, त्या कार्डाचा फोटो मागवून ठेवा. पण कार्डावरचा पत्ता आणि राहायची जागा एकच आहे ना, तेही विचारा. पुष्कळांची खोली बदललेली असते.

आणि नुसता नवऱ्याचा फोन नंबर असून भागत नाही. छातीला हात लावून बसलेला माणूस फोन उचलेलच असं नाही. खोलीतल्या दोन सोबत्यांचे नंबर, फोरमनचा किंवा कॅम्प बॉसचा एक नंबर, हे तुमच्याकडे हवेत. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, पण बोलणं होत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा साधा आंतरराष्ट्रीय फोन लागेल एवढा बॅलन्स घरातल्या एका तरी फोनमध्ये असू द्या. रात्री दोनला रिचार्जचं दुकान उघडं नसतं.

भाषेची फार काळजी करू नका. तिकडच्या इस्पितळांत नर्स पुष्कळदा केरळच्या असतात, हिंदी चालते. एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुरे: चेस्ट पेन. आमच्या गटातल्या एका आपांनी आम्हाला अरबीतलंही शिकवलं, अलम फी सद्री, म्हणजे माझ्या छातीत दुखतंय. त्या दिवशी बैठकीत सगळ्या जणी ते म्हणत होत्या.

दुखणं ओळखायचं कसं? छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, दुखणं हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ. यातलं सगळं एकदम होतं असं नाही. साखरेचा आजार असलेल्यांना कधी कधी दुखणं जाणवतच नाही, नुसती धाप लागते. बायकांमध्येही छातीच्या दुखण्याआधी थकवा, मळमळ, पाठ भरून येणं असं होऊ शकतं, हे तिकडच्या माणसांपेक्षा इथल्या आपल्यासाठी जास्त ध्यानात ठेवा. गॅस आहे की हृदय, हे फोनवर सासू, जाऊ, शेजारीण कोणीच ठरवू शकत नाही. ते ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन नावाची तपासणी ठरवते. एक ईसीजी चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढतात, म्हणून चांगला आला म्हणून उठून निघून येऊ नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायची असते असं खूप जण सांगतात. ते खरं आहे, पण कोणाला त्या गोळीची अ‍ॅलर्जी असते, कोणाच्या पोटात रक्तस्राव होऊन गेलेला असतो. रुग्णवाहिकेला फोन केला की पलीकडच्या माणसाला विचारायचं, तो सांगेल. जिभेखाली ठेवायची गोळी ज्याला आधी डॉक्टरने लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी, सोबत्याची उसनी घेऊ नये, तिने रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

पैशाचं काय, हे विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, आणि बरोबरच आहे. शारजातल्या भाऊंचे पाय अडले ते पैशापाशीच. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे आणि हप्ता पगारातून कापायचा नाही. तिथल्या सगळ्यात साध्या विम्यात वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंत खर्च मिळतो. शारजा, अजमान आणि बाकीच्या अमिरातींत खासगी कामगारांसाठी ही सक्ती १ जानेवारी २०२५ पासून आली, व्हिसा नवा काढताना किंवा वाढवताना. आमच्या भाऊंच्या वेळी ती नव्हती. सौदीतही मालकावर विम्याची जबाबदारी आहे आणि इकाम्याच्या नंबरावरून विमा चालू आहे की नाही ते तिथल्या आरोग्य विमा परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येतं. कुवेतमध्ये रेसिडेन्सीबरोबर विम्याची फी भरलेली असते. तर विचारायचं काय: "तुमच्या विम्याच्या कार्डाचा फोटो पाठवा." असा सरळ प्रश्न. "विमा आहे ना?" असं विचारलं की "आहे, आहे" असंच उत्तर येतं. कार्डावर कंपनीचं नाव, कुठल्या तारखेपर्यंत ते आणि नेटवर्क लिहिलेलं असतं. नेटवर्क म्हणजे कुठली इस्पितळं त्या कार्डावर चालतात त्यांची यादी. ती यादी तब्येत चांगली असताना बघायची. जीवावर बेतलं असेल तेव्हा नेटवर्क चाळत बसायचं नाही.

व्हिजिट व्हिसावर काम शोधायला गेलेल्या पोरांचं मात्र अवघड असतं. त्यांना मालकच नसतो, मग मालकाचा विमा कुठला? व्हिजिटवर जाणाऱ्याने निघताना प्रवास विमा घ्यावा आणि आधीपासून बीपी, साखर, हृदयाचं काही असेल तर ते अर्जात लपवू नये. लपवलं की नेमक्या वेळी विमा कंपनी हात वर करते. आणि एक गैरसमज. दहावी न झालेला माणूस आखातात कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घेतो, त्यात दहा लाख मिळतात असं गावात सगळे सांगतात. ते दहा लाख अपघाती मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. हृदयविकाराचा झटका हा अपघात धरत नाहीत.

अगदीच कोणी नसेल तर आपला दूतावास आहे. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयाच्या तातडीच्या उपचाराला मदत करता येते. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथला फुकटचा नंबर ८०० ४६३४२, तो अमिरातीतूनच लागतो. इथून तक्रार करायची तर मदद नावाचं सरकारी पोर्टल आहे. आपल्या संगणक येणाऱ्या मुली ते भरून देतात, आम्ही दोनदा भरलं आहे. एकदा आठवड्याने फोन आला, एकदा दुसऱ्याच दिवशी. तेव्हा हा मार्ग बिलाच्या भांडणासाठी ठीक आहे, झटक्याच्या रात्रीसाठी नाही.

आता दुसरं काम. झटका येऊन गेला, स्टेंट पडला, किंवा तसं काही झालं नाही पण चढताना धाप लागते, बीपी वाढलेलं असतं, वडील असेच गेले. अशा माणसाने तिकडे राहून कायमचा हृदयाचा डॉक्टर कसा निवडायचा? इथे वेळ असतो, इथे पारखून घ्यावं.

अमिरातीत डॉक्टरांच्या परवान्यावर दर्जा लिहिलेला असतो. जनरल प्रॅक्टिशनर, त्यावर स्पेशालिस्ट, त्यावर कन्सल्टंट. आणि कशातला स्पेशालिस्ट तेही लिहिलेलं असतं. पाटीवर "हार्ट चेकअप" लिहिलेलं असतं आणि आत बसलेला इंटर्नल मेडिसिनचा, म्हणजे सगळ्याच आजारांचा डॉक्टर असतो. तो वाईट असतो असं नाही, बीपीच्या गोळ्या तोच नीट देईल. पण आपल्याला कार्डिओलॉजी हा शब्द हवा आहे. दुबईचा परवाना दुबई हेल्थ अथॉरिटी देते, अबुधाबीचा तिथलं आरोग्य खातं, बाकीच्यांचा केंद्राचं आरोग्य मंत्रालय. डॉक्टरचं नाव घालून परवाना तपासता येतो, घरातल्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टर भारतातून गेलेला असेल तर आपल्याकडच्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोंदवहीतही त्याचं नाव शोधता येतं.

कार्डिओलॉजीतही फाटे आहेत. स्टेंट बसवणारा तो इंटरव्हेन्शनल. ठोके चुकतात त्यासाठी वेगळा, त्याला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात, नाव पाठ करायची गरज नाही, "ठोक्यांचा डॉक्टर" म्हणून विचारा. बायपास करतो तो सर्जन. आणि दुबईच्या साध्या विम्यात आधी जनरल डॉक्टरची चिठ्ठी लागते, तरच स्पेशालिस्टचा खर्च विमा देतो. एक भाऊ थेट मोठ्या डॉक्टरकडे गेले आणि सगळं बिल खिशातून भरून आले. पुढच्या वेळेला पहिल्यापासून चिठ्ठी घेऊन गेले.

डॉक्टर चांगला आहे हे आपण कशावरून ओळखणार, आपण काही शिकलेलो नाही, असं एक काकी म्हणाल्या. आम्हाला तसं वाटत नाही. आपण बी-बियाण्याचा दुकानदार ओळखतो, बँकेचा साहेब ओळखतो. पहिल्या भेटीत वडिलांना, भावांना काय होतं हे विचारतो का? सिगारेट, शिशा, झोप, कामाचे तास विचारतो का? जुना ईसीजी बघायला मागतो का? कुठली तपासणी कशासाठी, हे विचारल्यावर चिडतो का? हातात लेखी कागद देतो का? दर वेळी दुसराच डॉक्टर असतो की तोच? एवढ्यावरून पुष्कळ कळतं. आणि तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारावं, पण "डॉक्टर चांगला आहे का" असं मोघम नको. "तुमची अँजिओग्राफी त्याने का केली, किती दिवसांनी परत बोलावलं, बिल किती आलं" असं विचारलं तर उपयोगाचं उत्तर येतं.

अँजिओग्राफी झाली की तिची सीडी आणि अहवाल मागून घ्यायचा, तो आपला हक्क समजा. माणूस स्थिर असेल आणि डॉक्टरने बायपास सांगितलं असेल तर ती सीडी इथल्या डॉक्टरला दाखवून दुसरं मत घेता येतं. इथे येऊन ऑपरेशन करायचं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची बरीचशी ऑपरेशनं बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या इस्पितळात. त्यासाठी रेशनकार्डावर त्याचं नाव असू द्या. वर्षानुवर्षं बाहेर असलेल्यांची नावं कमी केलेली असतात, हे आम्ही बघितलं आहे. पण घरी यायचं ते तिथल्या हृदयाच्या डॉक्टरने विमानाने जायला हरकत नाही असं लिहून दिल्यावरच. चालू दुखण्यात विमानात बसवायचं नाही. वर अर्ध्या वाटेत कॅथलॅब नसते. सासूबाईंचा जीव तुटतो, आईचा तुटतो, समजतं आम्हाला. पण "घरी ये" हा शब्द त्या रात्री तोंडातून काढायचा नाही. त्या रात्री म्हणायचं, "९९८ ला फोन कर, आम्ही फोनवर आहोत."

स्टेंट पडलेल्यांचं एक फार महत्त्वाचं. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, बहुतेकांना एक अ‍ॅस्पिरिन आणि एक क्लोपिडोग्रेल किंवा तसलीच दुसरी. साधारण वर्षभर त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नसतात, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होते. आखातात या गोळ्या कधी सुटतात? नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला, त्याबरोबर विमा संपला, तेव्हा. म्हणून नोकरी बदलायची म्हणाले की तुम्ही पहिलं विचारा, "गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत?" गोळीचं कंपनीचं नाव तिकडे वेगळं असतं, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नाव वहीत उतरवून ठेवा. इथून पाठवायच्या तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि ज्याचं औषध त्याच्याच बॅगेत. गाववाल्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर सुट्या गोळ्या कोंबायच्या नाहीत. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिकडे परवानगीशिवाय नेलं तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो, आणि आपल्या सुट्या गोळ्यांत काय आहे हे विमानतळावर त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी रोजे धरतात त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरला भेटायला सांगावं. काही गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बदलता येतात, काहींना रोजा झेपणार नाही असं डॉक्टर सांगतात. आपांच्या मिस्टरांनी मनानेच वेळा बदलल्या होत्या, आणि लघवी वाढवायच्या गोळीने भर उन्हाळ्यात चक्कर येऊन पडले.

आता ज्यांची पोरं अजून जायची आहेत त्यांच्यासाठी. आखातात जाण्याआधी मेडिकल होतं, आणि "फिट" शिक्का मिळाला की घरात पेढे वाटतात. ती तपासणी मुख्यतः छातीचा एक्सरे, रक्त आणि संसर्गाचे आजार बघण्यासाठी असते. हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत असा तिचा अर्थ होत नाही. वय पस्तीस-चाळीसच्या पुढे असेल, साखर-बीपी असेल, घरात कोणाला लवकर झटका आला असेल, तर जाण्याआधी इथल्या डॉक्टरला दाखवून ईसीजी आणि कोलेस्टेरॉल करून घ्यावं, त्यांनी सांगितलं तर ताणाची तपासणी. एजंटला लाखाच्या घरात पैसे देतो, त्यापुढे हा खर्च काहीच नाही. आणि तो ईसीजी फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा. पुढे तिकडच्या डॉक्टरला नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता येतो.

मागच्या वर्षी आम्ही गटात ठराव केला की आजारपणाचं अंतर्गत कर्ज विमानाच्या तिकिटासाठी मागितलं तर आधी तिकडच्या डॉक्टरचा कागद बघायचा. दोघी नाराज झाल्या, म्हणाल्या गट आता डॉक्टर झाला का. त्यांचंही बरोबर आहे, माणूस तडफडत असताना कागद मागणं बरं दिसत नाही. म्हणून ठरावात आणखी एक ओळ घातली: कागद नसेल तर त्याच रात्री इस्पितळात भरायला पैसे पाठवायचे, तिकिटाचं नंतर बघू. फाल्गुनात कुवेतच्या एका भाऊंच्या वेळी ही ओळ कामी आली. वहिनीने वही उघडून सोबत्याला फोन केला, सोबत्याने ११२ लावला. पत्ता सांगताना गडबड झालीच, गाडी मागच्या इमारतीला गेली, पण पोचली. स्टेंट पडला. भाऊ महिन्याभराने कामावर गेले, हलक्या कामावर, आणि सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही. वहिनी रोज फोनवर भांडते.

ज्यांनी नंबर अर्धेच लिहून घेतले असतील त्यांनी काळजी करू नका. येत्या बैठकीला आम्ही एका पानाचा तक्ता आणणार आहोत. त्यात देश, रुग्णवाहिकेचा नंबर, जवळच्या इस्पितळाचं नाव, इमारतीचा नंबर, दोन सोबत्यांचे फोन, विम्याच्या कार्डाची तारीख, गोळ्यांची मूळ नावं आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, अशा रकान्यांचा. तो भरायला तुमच्या माणसाकडून माहिती लागेल. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार, सौदीची अडीच तास मागे. कुवेत, कतार, सौदीत शुक्रवारी बऱ्याच जणांना सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर फोन करा, तेव्हा निवांत बोलतात. आणि विम्याच्या कार्डाचा फोटो मागायला विसरू नका.